जोरा सरळ उभी राहते

शिकागोजवळच्या नेपरव्हिलमधल्या कॉमिक्सच्या दुकानात आश्लेषा गुर्जर त्या बुधवारी कमरेत अडकली.

अडकली म्हणजे अक्षरशः. समोरच्या शेल्फवर नवं कॉमिक लागलं होतं आणि त्याच्या मुखपृष्ठावर एक सुपरहिरोइन इमारतीच्या कठड्यावर उभी होती. पाठ आपल्याकडे, तरी छातीही आपल्याकडेच, मान तिसरीकडे आणि पायांत सुयांसारख्या टाचा! असं जिवंत बाईला उभं राहता येतं का, हा आश्लेषाला पडलेला साधा प्रश्न. तिने इकडेतिकडे पाहिलं, ओला कोट बाजूला ठेवला, पाय रोवले आणि चित्राबरहुकूम वळली. पाठीत सणकन कळ आली.

"आई गं!"

"हळू, हळू... आधी पाय फिरवा, मग कंबर," मागून चक्क मराठीत आवाज आला.

तिने पाय फिरवले. कंबर सुटली. मागे एक उंचसा मुलगा उभा होता, केसांत वितळणारा बर्फ, काखेत कॉमिक्सचा गठ्ठा. गठ्ठ्यात सगळ्यात वर तीच कठड्यावरची बया.

"तुम्ही पण हिच्या फॅन?" त्याने उत्साहाने विचारलं.

"फॅन? हिला डॉक्टरकडे न्यायला हवंय. एवढ्याशा कमरेत किडन्या कुठे ठेवल्यात हिने?"

"तीच तर तिची पॉवर," तो गंभीर चेहऱ्याने म्हणाला. "किडनीशिवाय जगते."

आश्लेषाला हसायचं नव्हतं. पण हसू काय विचारून येतं?

त्याचं नाव केदार. मूळचा नागपूरचा, कामाचा व्हिसा, रोज ट्रेनने शिकागोला जाऊन एका बँकेचं सॉफ्टवेअर सांभाळणारा. शेजारच्या कॉफीच्या दुकानात बसेपर्यंत 'तुम्ही'चं 'तू' झालं होतं आणि पहिला कप संपेपर्यंत आश्लेषाने त्याला सहसा कुणाला न दाखवलेली चित्रं दाखवली होती. दिवसा ती एका कंपनीसाठी श्रवणयंत्राच्या माहितीपत्रकातली चित्रं काढायची. बॅटरी धरलेली बोटं, बॅटरी बसवणारी बोटं. आणि उरलेल्या वेळात काढायची जोराला.

जोर या शब्दावरून जोरा. वय बेचाळीस, शिकागोत बांधकामावरची क्रेन चालवणारी. मजबूत मांड्या, रुंद खांदे, ढीगभर खिशांचा डगला आणि पळता येईल असे बूट. क्रेनला जे उचलवत नाही ते जोरा उचलते.

केदारने कप खाली ठेवला. पानं एकदा पाहिली, मग पुन्हा पहिल्यापासून.

"हिच्याकडे बघून वाटतं यार, की ही खरंच काहीतरी उचलेल," तो म्हणाला.

आश्लेषाच्या चित्रांना 'छान छंद आहे' म्हणणारे पुष्कळ भेटले होते. हे असं कुणी म्हणालं नव्हतं. तिला तो त्या क्षणी आवडला, आणि ते तिने स्वतःपासून लपवलं नाही.

"एक पब्लिशर छापायला तयार आहे," ती म्हणाली. "शिकागोतलाच, छोटा आहे. जोराचे तीन अंक, मुखपृष्ठासकट. एडिटर म्हणते सगळं उत्तम आहे, फक्त मुखपृष्ठावर जोराला जरा... वळव. पुढून-मागून एकाच चित्रात दिसली पाहिजे. पुढच्या शुक्रवारी न्यायचंय."

"मग वळव ना. एकदा छापून आली की पुढे तुझ्या मनासारखं काढ." केदार क्षणभर थांबला. "आणि... खोटं कशाला बोलू, तसं दिसतं पण छान."

आश्लेषाने त्याच्याकडे टक लावून पाहिलं. खोटं बोलला नाही म्हणून बरं वाटत होतं आणि खरं हे असं होतं म्हणून राग येत होता.

"ठीक आहे," ती गोड आवाजात म्हणाली. "चित्रासाठी मला कुणीतरी उभं राहायला हवंच आहे. रविवारी घरी ये."

"मी?"

"का? छान दिसतं ना?"

रविवारी केदार आला. बिचाऱ्याने इस्त्रीचा शर्ट घातला होता. आश्लेषाने त्याला बेसमेंटमध्ये नेलं, टेबलटेनिसच्या टेबलावर चढवलं आणि टी-शर्टवर आणलं. मग पेन्सिलीने हवेत खुणा करत हुकूम सोडायला सुरुवात केली.

"पाठ माझ्याकडे. आता छाती पण माझ्याकडे. कंबर बाहेर काढ... अजून. टाचा वर. आणि चेहऱ्यावर जगाला वाचवणार असल्याचा भाव आण."

"जग राहू दे, मला कोण वाचवणार?"

"बोलू नकोस. ओठ जरा उघडे ठेव. त्या सगळ्या ठेवतात."

पेन्सिल कागदावर सरसर फिरू लागली. केदारचे पाय थरथरायला लागले, टी-शर्ट वर सरकत होता आणि तो एका हाताने तो खाली ओढत होता.

"हात खाली घे."

"पोट दिसतंय गं."

"तेच दाखवायचंय."

"एवढं काय बघतेस?" त्याचे कान लाल झाले होते.

"कामच आहे माझं," ती म्हणाली. कामापेक्षा जरा जास्तच बघून झालं होतं, पण ते सांगायची गरज नव्हती.

तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली आणि आश्लेषाची आई, सुचित्राकाकू, चहाचा ट्रे घेऊन खाली आल्या. टेबलावर कंबर काढून उभा असलेला परका मुलगा पाहून त्या दचकल्या नाहीत. तीस वर्षं शाळेत शिकवलेल्या बाई होत्या त्या. त्यांनी ट्रे ठेवला, चष्मा सारखा केला आणि केदारला डोक्यापासून पायापर्यंत नीट न्याहाळलं. मग मागच्या बाजूला जाऊन न्याहाळलं.

"उंची किती रे तुझी?"

"पाच... पाच फूट अकरा, काकू."

"पोक नाही ना? बरं. चष्मा? लेन्स लावतोस का? ग्रीन कार्डचं कुठवर आलंय? वडिलांना टक्कल आहे का?"

केदारने उत्तरं दिली. पाय थरथरत होते, ओठ उघडेच होते. समाधान झाल्यासारखी मान हलवून काकू वर निघून गेल्या.

केदार टेबलावरून उतरला आणि खालीच बसला. "त्या मला बघायला आल्या होत्या का?"

"सवय आहे तिला. मनावर घेऊ नकोस."

"मनावर नाही गं... पण कसंतरीच झालं. म्हणजे, मी उभा आहे, आणि मी कोण आहे, काय बोलतो, याच्याशी कुणाला काही देणंघेणंच नाही. नुसतं बघताहेत." तो हसला नाही. मग हळूच म्हणाला, "मी येत्या शनिवारी नागपूरला चाललोय. दोन आठवडे. आईने चार मुली ठरवल्यात बघायला."

आश्लेषाची पेन्सिल थांबली.

"चार?"

"दोन नागपूरच्या, एक अमरावतीची, एक पुण्याची."

"त्या पोहे घेऊन येणार आणि तू न्याहाळणार." तिने वही मिटली. "छान दिसतील."

तिला वाईट वाटलं. चार दिवसांच्या ओळखीत इतकं वाईट वाटावं याचा तिला रागही आला. केदारने काहीतरी बोलायला तोंड उघडलं, पण ती म्हणाली, "चहा गार होतोय." तो मुकाट्याने प्यायला, शर्ट चढवला आणि बाहेरच्या, मीठ टाकून वितळवलेल्या बर्फातून गाडीकडे गेला. फोन करतो, असंही म्हणाला नाही.

त्या आठवड्यात आश्लेषाने दोन मुखपृष्ठं काढली. एकावर सरळ उभी जोरा, दोन्ही पाय जमिनीवर, खांद्यावर तुळई. दुसऱ्यावर वळलेली. दुसरं तिला वाटलं होतं त्यापेक्षा सोपं गेलं, आणि चित्र फक्कड झालं, हेच वाईट. सफाईदार रेषा, चकाकता डगला. छापून आलं तर रॅकवरून भराभर उचललं जाईल, हे तिला दिसत होतं. तीन अंक, मुखपृष्ठावर आपलं नाव... किती वर्षांची इच्छा होती ती! शुक्रवारी तिने दोन्ही चित्रं बॅगेत घातली. कुठलं बाहेर काढायचं, ते तिने ठरवलं नव्हतं.

एडिटर डेब्रा पन्नाशीची होती, बसलेल्या आवाजाची, दिलदार. आश्लेषाने शेवटी दोन्ही चित्रं टेबलावर मांडली. डेब्राचं बोट क्षणात वळलेल्या चित्रावर गेलं.

"ही विकली जाईल."

आश्लेषा त्या चित्राकडे पाहत राहिली. सगळं होतं त्यात. फक्त खांद्यावरची तुळई तिला काढून टाकावी लागली होती, कारण तशा उभ्या बाईला ती पेलणं शक्यच नव्हतं.

"ही जोरा नाही," ती म्हणाली. आवाज अजिबात कापला नाही, याचं तिलाच नवल वाटलं. "हिला काही उचलता येत नाही. उचलणाऱ्या बाईची गोष्ट आहे ही. सरळ उभी छापा, नाहीतर नको."

"मुली, मी पंधरा वर्षं या धंद्यात हेच भांडण भांडतेय, आणि प्रत्येक वेळी हरतेय."

"मग मी तरी हरूनच सुरुवात कशाला करू?"

डेब्रा खो खो हसली. पण हसणं वेगळं आणि विक्री वेगळी. मुखपृष्ठाचा निर्णय तिच्या एकटीच्या हातात नव्हता. तीन अंक गेले, ते तिने सरळच सांगितलं. मात्र दुसऱ्या एका कॉमिकच्या शेवटी आठ पानं रिकामी होती, काळी-पांढरी. तिथे काय छापायचं, हे डेब्रा एकटी ठरवू शकत होती.

"मुखपृष्ठ नाही. रंग नाहीत. नाव आतल्या पानावर. चालेल?"

आश्लेषाला आतून टोचलं. तिने ते टोचू दिलं.

"रेषेला कुणी हात लावायचा नाही."

"नाही लावणार."

वळलेली बाई बॅगेत घालून आश्लेषा निघाली. वाऱ्याने डोळ्यांत पाणी येत होतं, सगळंच काही वाऱ्याचं नव्हतं. स्टेशनात शिरली तर नेपरव्हिलच्या गाडीच्या फलाटावर, लॅपटॉपची बॅग छातीशी धरून, केदार उभा होता. तिचा शुक्रवार लक्षात ठेवून त्याने तीन गाड्या सोडल्या असाव्यात. नाक थंडीने लाल झालं होतं.

"काय झालं?" त्याने विचारलं.

"वळवली नाही. तीन अंक गेले. आठ पानं मिळाली."

"आठ पानं!" तो इतक्या मोठ्याने ओरडला की फलाटावरची माणसं वळून बघायला लागली. "अगं, आठ पानं!"

"तूच म्हणाला होतास, वळव म्हणून."

"चुकलो." एवढंच. पुढे 'पण' नाही की 'म्हणजे मला म्हणायचं होतं' नाही.

गाडी आली. दोघं चढली, दुमजली डब्यात वरच्या मजल्यावर समोरासमोरच्या सीटवर बसली. बाहेर फलाटाचे दिवे मागे सरकत होते.

"उद्याची तयारी झाली?" तिने खिडकीकडे बघत विचारलं.

"तिकीट कॅन्सल केलं."

तिने मान वळवली.

"तुझ्यासाठी नाही," तो घाईने म्हणाला. "म्हणजे... त्या चौघींसाठी. आईला सांगितलं, मला असं कुणीतरी बघितलं, ते मला नाही आवडलं, मग मी कसा जाऊन बसू कुणाला बघायला?"

"आई काय म्हणाली?"

"आधी रडली. मग म्हणाली..." केदार कानशिलापर्यंत लाल झाला. "म्हणाली, तुला कोण बघायला आलं होतं रे?"

आश्लेषा हसायला लागली. हसता हसता तिने डोळे पुसले. "मग तू काय सांगितलंस?"

"मी... तुझं नाव सांगितलं."

गाडी बोगद्यासारख्या छतातून बाहेर आली. आश्लेषाने बॅग बाजूला ठेवली, पुढे झुकली आणि त्याचा गार हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. तिला घाई नव्हती, भीती तर नव्हतीच. जे हवं ते सरळ सांगता येतं, हे तिने आजच करून पाहिलं होतं.

"मग आईंना कळवून टाक. मुलगा पसंत आहे."

केदारच्या ओठांच्या कोपऱ्यात हसू आलं. "आणि मला नाही विचारणार?"

आता मात्र आश्लेषा अडखळली. संध्याकाळभर न कापलेला आवाज कापला.

"विचारते... मी तुला पसंत—"

"केव्हाची," केदार म्हणाला.