फलकावर पाच-चार

जुन्या लाकडाच्या धंद्यात माणूस एक गोष्ट पहिल्यांदा शिकतो. फळीवर बोटाचं पेर वाजवायचं आणि कान द्यायचा. सच्ची फळी खणखणीत वाजते, आतून पोखरलेली बद्द. शाळा मी चौथीत सोडली, पण एवढ्या विद्येवर संसार चालवला. त्या शनिवारीही जेवण उरकून, खिशात टेप आणि कानावर पेन्सिल ठेवून मी निघालो होतो. आमच्या रग्बीच्या मैदानाचा स्टँड सोमवारी पाडायचा होता. त्याचं लाकूड मला मिळणार होतं. ते मोजायला.

मैदानाविषयी थोडं सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. तिथं पूर्वी वीटभट्टीचा खड्डा होता. भट्टीवरच्या कामगारांनी सुटीच्या दिवशी राखमाती टाकून तो भरला आणि मोडीत निघालेल्या बोटीच्या फळ्यांचा स्टँड उभारला. खाली चिखल असा, की स्क्रमची रेटारेटी सुटल्यावर आपल्या बाजूचा कोण हे खेळाडूंना एकमेकांना विचारावं लागे. शनिवारी तीन वाजता सगळं शहर तिथं. आमच्या न्हाव्यानं एकदा गिऱ्हाइकाची अर्धी दाढी तशीच ठेवून मैदान गाठलं, तर गिऱ्हाईक त्याच्या आधी येऊन बसलेलं.

आणि मैदानाच्या टोकाला गुणफलक. दोन पुरुष उंचीवर लाकडी खोली, तिच्या दर्शनी भिंतीला खिळे, खिळ्यांवर आकड्यांच्या पाट्या. डावीकडे ‘आम्ही’, उजवीकडे ‘पाहुणे’. चाळीस वर्षं या पाट्या लावल्या माझ्या थोरल्या भावानं. पाटी लावण्याआधी दादा तिच्यावर फुंकर मारायचा, मग बाहीनं पुसायचा. सामना संपला की आत जाऊन फळ्यांच्या भिंतीवर खडूनं निकाल लिहायचा आणि त्याखाली, तो निकाल ज्याच्यामुळे लागला त्याचं टोपणनाव. मैदानाचा सगळा इतिहास त्या भिंतीवर होता.

एका वर्षी धुकं असं उतरलं की रेषेपलीकडे चेंडू टेकवून शेवटचा ट्राय कुणी केला हे खेळणाऱ्यांनाही कळेना. पंच संपल्याची शिट्टी वाजवून मोकळा झाला. लोक गप उभे राहिले, दादाच्या फलकाकडे बघत. धुक्यातून फू… असा आवाज आला, मग टक्. पाटी लागली. भांडण नाही, तक्रार नाही, सगळे घरी गेले. दादाचा फलक खोटं सांगत नाही, एवढं सगळ्यांना ठाऊक होतं.

तर हे मैदान विकायचं की नाही, यासाठी आम्ही नऊ विश्वस्त बसलो. दादा तेव्हा फुप्फुसाच्या दुखण्यानं दवाखान्यात. आदल्या दिवशी त्यानं माझ्याकडून वचन घेतलं होतं, विकायला नाही म्हणायचं. मी दिलंही होतं. पण बिल्डर मला जिन्यात गाठून म्हणाला होता की स्टँडचं लाकूड तुम्हीच उचला. शंभर वर्षं मुरलेलं लाकूड. आता तुमच्यापासून काय लपवायचं… चिठ्ठीवर मी ‘विका’ लिहिलं. चिठ्ठ्या निनावी होत्या, पण चौघं आधीपासून उघडपणे विकायच्या बाजूचे होते. निकाल पाच-चार.

संध्याकाळी दवाखान्यात गेलो. दादानं श्वास गोळा करून एवढंच विचारलं, “किती?”

पाच-चार म्हटलं असतं तर पाचवा कोण, हे त्यानं विचारलं असतं. मी म्हणालो, “आठ-एक, दादा. एकटा मीच नाही म्हणालो.”

त्यानं माझा हात दाबला. खडूनं खरखरीत झालेली बोटं त्याची. पहाटे तो गेला. आठ-एक हा आकडा मी दुसऱ्या कुणाजवळ काढला नाही.

शहरानं पाचवा माणूस शोधला तो आमचा जुना कप्तान, नऊ विश्वस्तांतलाच. त्यानं घराला नवीन छप्पर घातलं होतं, लोकांना तेवढं पुरलं. चहाच्या दुकानात तो आला की बाकावरची माणसं उठायची. मीही उठलो, दोनदा.

असो. त्या शनिवारी मी स्टँडच्या पायऱ्या मोजत होतो तेव्हा धुकं उतरलं. दुपारचे तीन वाजले असतील. गवताचा, ओल्या लाकडाचा वास. समोरचे गोलचे खांब दिसेनासे झाले, मग माझ्या हातातल्या टेपचं दुसरं टोक. आणि पलीकडून आवाज आला.

फू…

मग बाही घासल्याचा. मग टक्.

मी म्हटलं, कबुतर असेल. पाय मात्र फलकाकडे वळले. जवळ गेल्यावर पाट्या दिसल्या. आम्ही चार, पाहुणे पाच.

ज्यांना रग्बी ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. हल्लीच्या नियमांत ट्रायचे पाच, त्यावरच्या किकचे दोन, दंडाच्या किकचे तीन. कशीही बेरीज करा, चार होत नाहीत. त्या फलकावर एकटा चार कित्येक वर्षांत लागला नव्हता.

कुणीतरी खोडसाळपणा केला, मी स्वतःला समजावलं. पाच-चार तर गावाला ठाऊक आहे. पण पाट्या आत खोलीत असत, खोलीला कुलूप होतं आणि त्याची एकुलती एक किल्ली, वहिनीनं दिलेली, माझ्या खिशात होती. शिडी चढलो. कुलूप गंजलेलं, दोन्ही हात लावावे लागले.

आत निलगिरीच्या तेलाचा वास. दादा छातीला चोळायचा ते. भिंतीवर निकालांच्या ओळी, वरपासून खालपर्यंत, आणि सगळ्यांत खाली एक ताजी ओळ.

पाच-चार.

त्याखाली, दादाच्या तिरप्या अक्षरात, ‘खडूखाऊ’.

लहानपणी मी त्याचे शाळेतले खडू खायचो. हे नाव त्यानं एकट्यानं ठेवलं आणि त्यानं एकट्यानंच वापरलं, तेही घरात, दार लावून. वहिनीलाही ठाऊक नव्हतं.

“दादा…” मी म्हणालो. आवाज माझाच होता, पण बद्द वाजला.

माफी मागायची ती जागा होती, हे मला आज कळतं. मी काय केलं? बाहीनं ती ओळ आणि खालचं नाव पुसलं. चांगली घासून. त्याच क्षणी भिंतीच्या पलीकडे, बाहेरच्या अंगाला, टक् झालं. थोड्या वेळानं पुन्हा टक्.

शिडी कशी उतरलो आठवत नाही. खाली येऊन मान वर केली.

पाहुणे आठ, आम्ही एक.

सोमवारी स्टँड पडला. कप्तान रस्त्याच्या कडेला एकटा उभा राहून बघत होता. त्याच्याशी बोलावं म्हणून चार पावलं गेलोही, मग मजुरांना काहीतरी सांगायच्या निमित्तानं वळलो. फलकाच्या खोलीच्या फळ्या गल्लीच्या टोकाच्या बेकरीवाल्यानं नेल्या, दुकानाच्या दाराला.

गेल्या शनिवारी त्याचा फोन आला. मी वखारीत एकटा होतो. तो म्हणाला, दाराला तीन हात रंग दिला, बाकीचं लिखाण बुजलं, पण एक नाव सारखं वर येतंय. खडूखाऊ. गिऱ्हाइकं विचारतात, हसतात. शेवटी त्यानं विचारलं, “तुम्ही तिथले जुने. कोण हो हा?”

मी घड्याळाकडे पाहिलं. तीनला दोन मिनिटं कमी होती.

“माहीत नाही,” मी म्हणालो.

“बरं,” तो म्हणाला. “पण शेठ… तुम्ही फोनवर फुंकर का मारताय?”

माझे ओठ मिटलेले होते.