शोकाकुल

जळबा पत्रकार त्या दिवशी भर दुपारी फ्लेक्स छापून घ्यायला निघाला होता. काम साधंच. संध्याकाळी चौकात शोकसभा, त्याआधी श्रद्धांजलीचा बोर्ड टांगून व्हायला हवा. आता हा पत्रकार कसला, तेही ऐकून घ्या. पुढाऱ्यांच्या वाढदिवसाच्या जाहिराती गोळा करायच्या, पुढाऱ्यानेच लिहून पाठवलेली बातमी आपल्या नावाने छापायची, आणि गाडीच्या काचेवर ठळक अक्षरांत ‘प्रेस’ लिहून मिरवायचं. वर तालुक्याच्या पत्रकार संघाचा अध्यक्ष होता हा गडी.

मेला होता भागवत. तोही पत्रकार, पण खरा. पूर्णेच्या पात्रातून तालुक्याचे पुढारी किसनराव नाना यांची माणसं रेती उपसतात, कमरेला पिस्तूल लावून टिप्परमागे फिरतात, हे त्याने दोनदा छापलं होतं. तिसऱ्यांदा तो रेतीच्या घाटावर व्हिडिओ काढायला जाणार होता, आणि ‘सोबत चल’ म्हणून त्याने भरवशाने सांगितलं ते जळबाला. जळबा गेला नाही. त्याने नानांच्या खास माणसाला, सुदामला, फोन करून भागवतचा बेत सांगितला. सकाळी भागवत टिप्परच्या चाकाखाली सापडला. अपघात म्हणून नोंद झाली, आणि आता त्याच नानांच्या खर्चाने त्याला श्रद्धांजली. बोर्डावर नानांचा फोटो मेलेल्या माणसापेक्षा मोठा. लाज नावाची चीजच उरली नाही बघा.

एक गोष्ट मात्र नानांना ठाऊक नव्हती. मरायच्या आधी भागवतने तो व्हिडिओ जळबाच्या मोबाईलवर धाडला होता. टिप्पर, पिस्तुलं, खुद्द सुदामचं तोंड, सगळं त्यात होतं. खाली लिहिलेलं, ‘मला काही झालं तर हे सगळ्यांना पाठव.’ जळबाने तो ना कुणाला पाठवला, ना पुसला. पुढंमागं आपल्याच कामाला येईल म्हणून ठेवून दिला.

उत्तमसिंगचं फ्लेक्सचं दुकान औंढ्याच्या रस्त्याला होतं. मागे बिनखिडकीची खोली, तिच्यात मशीन, आणि डोकं धरेल असा शाईचा वास. स्क्रीनवर बोर्ड तयार होता. हाराच्या गोलात भागवत, खाली ‘शोकाकुल’ म्हणून पुढाऱ्यांच्या फोटोंची रांग. आपल्याकडं माणूस गेला की आधी या रांगेत नंबर लावतात, रडणं मागाहून. जळबाने स्वतःचा फोटो रांगेत पहिला लावून घेतला.

“बराबर आहे. काढ.”

मशीन सुरू झालं. करकर... करकर... कापड बोटबोट पुढं येऊ लागलं. नानांचं कपाळ आलं, मिशा आल्या. मग हाराचा गोल आला. गोलात जळबा होता.

कापड सरकत राहिलं. खाली शोकाकुलांच्या रांगेत, पहिल्या जागी, भागवत हसत होता.

“काय चेष्टा लावली रे?”

“भाऊ, आईची शपथ. म्या हात बी लावला न्हाई. स्क्रीनवर बघा तुमी.”

स्क्रीनवर सगळं जागच्या जागी होतं.

पुन्हा काढलं, पुन्हा तेच. मग उत्तमसिंगने जळबाचा फोटोच फाईलमधून काढून टाकला आणि मशीन लावलं. गोल आला. त्यात जळबाच, पण डोळे मिटलेला. तसा फोटो त्याने जन्मात काढला नव्हता. शाईचा वास कधी गेला ते कळलं नाही; खोलीत नदीचा वास भरला होता, ओल्या रेतीचा. उत्तमसिंगने मशीनखाली हात घातला. मुठीत रेती आली, गार, पाणी गळणारी.

“भाऊ...” तो हळूच म्हणाला, “भागवतभाऊचं काही... राहिलंय का तुमच्याकडं? असंल तर देऊन टाका.”

जळबाला लगेच कळलं. तेवढा शहाणा होता तो. मोबाईल काढला, व्हिडिओ उघडला. एका दाबात तो व्हिडिओ जिल्हाभर गेला असता. नाना उघडे पडले असते, भागवतच्या लेकरांना आपला बाप कशानं गेला ते कळलं असतं. पण त्यासाठी छातीत काहीतरी असावं लागतं. या बेण्याने व्हिडिओ पुसून टाकला, समूळ. वर मशीनकडं बघून म्हणतो, “झालं... आता न्हाई माझ्याकडं तुझं काही.”

पुढचा बोर्ड बिनचूक आला. भागवत हारात, जळबा रांगेत. याला वाटलं, सुटलो.

चौकात सभा झाली. नानांनी डोळ्याला रुमाल लावला. जळबाने गळा भरून आणून निर्भीड पत्रकारितेवर भाषण ठोकलं. भागवतची बायको प्रतीक्षा समोरच बसली होती. तिने त्याच्यावरची नजर काढली नाही.

सभा उठली तसा सुदाम जवळ आला.

“नानांनी घाटावर बोलावलंय. एकटेच चला. भागवतचा मोबाईल उघडला आज आमच्या पोरांनी. व्हिडिओ कुणाला धाडला ते दिसून राहिलं त्यात.”

“पुसला मी तो... खरंच पुसला.”

“मंग तर काही तकलीफच न्हाई,” सुदाम हसला. “बसा.”

तेव्हा कुठं जळबाच्या टाळक्यात उजेड पडला. तो व्हिडिओ साऱ्या गावाने बघितला असता तर त्याच्या केसाला धक्का लावायची कुणाची छाती नव्हती. आता त्याच्या हातात काही म्हणता काही उरलं नव्हतं. सुदामच्या कमरेला पिस्तूल दिसत होतं. तो मुकाट सुदामच्या जीपमध्ये मागच्या सीटवर बसला.

दिवस मावळायचा होता अजून. जीप वसमतचा रस्ता सोडून नदीकडं वळली. काचा बंद होत्या, तरी आत तोच वास येऊ लागला. जळबाने नाक दाबलं. गाडी चालवता चालवता सुदामने आरशात बघितलं आणि कचकन ब्रेक मारला.

“एकटेच चला म्हणलं होतं ना...” तो आरशावरची नजर न काढता म्हणाला. “मंग ह्याला काहून आणलं?”

जळबाने शेजारी बघितलं. तिथं कुणीच नव्हतं. सीट मात्र माणूस बसल्यावर दबते तशी खोल दबलेली होती.