पोटरीतली गाठ

बारीक सुईनं गाठीतल्या पेशी ओढायच्या, स्लाइडवर पसरून रंगवायच्या आणि रोग ओळखायचा, हे डॉ. संयोगिताचं काम. राजारामपुरीतल्या तिच्या लॅबचं कोल्हापुरात नाव होतं. सुई आत शिरली की तिच्या बोटांनाच निदान कळतं, असं लोक म्हणत. तिला ते ऐकायला आवडायचं.

आजऱ्याचा आकाराम काजूच्या कारखान्यात कामाला. पोटरीतली गाठ दोनदा काढली, दोनदा परत आली. संयोगितानं सुई घातली. पेशी बघितल्या. दुर्मीळ, हट्टी कॅन्सर. माणसाचा पाय जाणार म्हणून तिनं पुन्हा सुई घातली, स्लाइड स्वतः रंगवली. तेच. तिनं सही केली आणि सर्जननं पाय मांडीतून कापला.

कापलेला पाय तपासणीला तिच्याकडेच आला. तिनं पोटरी चिरली. गाठ नव्हती. पातळ काप करत ती हाडापर्यंत गेली. नुसता निरोगी स्नायू.

मनात पाल चुकचुकली. आधी तिनं टेक्निशियन रफिकला धारेवर धरलं. "स्लाइड बदललीस ना?"

"म्याडम, दुसरी तुम्हीच रंगवलीसा की!"

मग सर्जनचा संशय आला, भलत्याचाच पाय पाठवला असेल. पण पोटरीवर जुन्या टाक्यांचे व्रण होते. उरली ती स्वतः. एका कष्टकऱ्याचा धडधाकट पाय आपण घालवला, ही भीती तिला जेवू देईना.

जखम भरल्यावर आकाराम कुबड्या घेऊन आला. सोबत बायको, बयाबाई. आता हा जाब विचारणार, म्हणून संयोगिता मान खाली घालून बसली.

"म्याडम, गाठ परत आलीया."

"कुठं?"

"जुन्याच जागी." पोटरी असायची तिथं, रिकाम्या हवेत त्यानं बोट दाखवलं. "लई ठणकतंय."

"पाय गेला तरी मेंदू विसरत नाही, आकारामभाऊ. असं होतं."

"ते मोठ्या डाक्टरनं बी सांगितलं. पर सुई घालून बघा की."

"घाला, डाक्टरीणबाई," बयाबाई हळूच म्हणाली. "त्येंचं समाधान तरी हुईल."

त्याच्या समाधानापुरती संयोगितानं सुई हवेत नेली.

सुई अडली. मग आत शिरली.

सवयीनं तिनं दट्ट्या ओढला. आकारामनं ओठ चावला.

तिनं सुई बाहेर काढली. बयाबाईनं पुढं होऊन, दर वेळी करायची तसं, टोचल्या जागी कापूस दाबून धरला. थोड्या वेळानं हात काढला.

कापूस खाली पडला नाही.