जंताला पीळ नसतो

माझ्या घरात जंतानं कोणी मेलेलं नाही. वासरू नाही, शेळी नाही, लेकरू तर नाहीच. म्हणून काचेच्या पेटीतला मासा पोटभर खाऊनही वाळत चालला, हे मला पटणारं नव्हतं.

मासा प्रेमचा. प्रेम माझा एकुलता. चिखलीला अश्वजित म्हणून त्याचा दोस्त आहे, त्याच्यासोबत रंगीत माशांचं दुकान चालवायचा. समुद्रातले मासे आणायला थेट कोकणात जायचा, बोटीवर चढायचा. देऊळघाटच्या पोरानं वांगी लावावीत, समुद्र कशाला, हे त्याला कोणी सांगितलं नाही असं नाही. मीच सांगितलं. एकदा त्यानं पाण्याच्या पिशवीत घालून एक मासा घरी पाठवला. पिवळा, पसरट, डोळ्यावरून काळा पट्टा. मासा पोचला. पुढं बोटही किनाऱ्याला पोचली. प्रेम तेवढा आला नाही.

अंग सापडलं नाही. वर्षभर वाट पाहिली आणि मग पळसाच्या पानांचा पुतळा करून जाळला. पुतळ्याच्या कमरेला काळा करदोडा मी बांधला, प्रेमला बांधायची तसाच, कारण बाप्या माणसाला उघड्या कमरेनं पाठवत नाहीत. अग्नी देण्याआधी तो कापलाही मीच, कारण करदोडा कापल्याशिवाय माणूस सुटत नाही. सून दीपमाला मात्र अंगणात आली नाही. तिनं कुंकूही पुसलं नाही.

"मासा जिता हाये, आत्याबाई," ती म्हणाली. "त्यायनं धाडलेला हाये. हा मेला तं मी मानीन."

धाड गावचा तिचा भाऊ इंद्रभान दर थोड्या दिवसांनी जीप घेऊन दारात उभा राहायचा. त्यानं तिच्यासाठी स्थळ पाहून ठेवलं होतं. माणूस बरा होता, मी स्वतः चौकशी केली होती. पोरगी अजून तिशीची नाही. दोन वर्षं माशाकडे तोंड करून बसली होती. मला विचाराल तर तो मासा मरणं सगळ्यांच्या सोयीचं होतं. पण मरणं वेगळं, आणि माझ्या घरात जंतानं मरणं वेगळं.

अश्वजितला बोलावलं. त्यानं पेटीला नाक लावून पाहिलं.

"पोटात जंत हायेत, काकू. याले वेगळं ठेवा लागते. छोटी पेटी आनली मी. अंधाऱ्या खोलीत ठेवा, कोनाले जाऊ देऊ नका. झिंगा वाटायचा, त्यात ही पूड चिमूटभर आन लसनाचा रस. लसून नसला का औषध थुकते तो."

"आन पानी?"

"फिल्टरच्या पान्यात हे मीठ. माप लिहून देतो."

"मले खारं पानी शिकवतं काय बे? माह्यं माहेर संग्रामपूरकडचं, खारपाणपट्ट्यातलं. आमच्या विहिरीत तुहा समुद्र लाजून मरन."

"मंग तुमीच डॉक्टर. मी चहाचा धनी," असं म्हणून तो हसला आणि दोनदा चहा प्याला.

छोटी पेटी माझ्या माजघरात आली. ज्या घरात कधी अंडं फुटलं नाही तिथं मी माळ गळ्यात ठेवून झिंगा वाटला. त्यासाठी वेगळा दगड घेतला, तो अजून मोरीबाहेर आहे. मासा माझ्या हातून खाऊ लागला. दीपमाला उंबऱ्याशी यायची, मी तिला तिथूनच परतवायची.

औषध लागलं तसा माशाच्या मागून एक पांढरा दोरा लोंबू लागला. अश्वजितनं फोनवर सांगितलं, "तो जंत नाही काकू, त्याचं हगनं हाये. सुटून पडन."

सुटून पडला नाही. वाढत गेला.

आमच्याकडे पूर्वी नारू व्हायचा. बारवेचं पाणी प्यायलं की पायातून दोऱ्यासारखा जंत निघायचा. माझ्या बापाच्या पायातला मी पाहिला आहे. तो ओढायचा नसतो. तुराटीच्या काडीला गुंडाळायचा, रोज थोडाथोडा, निघेल तेवढाच. तुटला की पाय गेला. मी तुराटीचा बोटभर तुकडा घेतला, पाण्यात हात घातला आणि त्या दोऱ्याचं टोक गुंडाळलं. काडी पाण्यावर तरंगायची आणि मासा तिच्याखाली गोल फिरत राहायचा. दोरा निघत गेला तसा मासा भरत गेला. पाठ वर आली, पोट गोल झालं. मला समाधान वाटलं.

मग एका दुपारी तो दोरा बोटांत धरून पाहिला.

देवाच्या वाती वळण्यात माझा जन्म गेला. कापूस, सूत, अंबाडी, कशाला किती पीळ आहे हे मी न पाहता सांगते. त्या दोऱ्याला पीळ होता. तीन पदर होते, उजवीकडून वळलेले.

जंताला पीळ नसतो.

मी कोणाला सांगितलं नाही. गुंडाळत राहिले. पुढे पांढरा रंग मळकट होत गेला, आणि मग काळा झाला. तेव्हा अश्वजितला बोलावलं. त्यानं पाण्यात दोन बोटं घातली, दोरा चोळून पाहिला, हात बाहेर काढला आणि तो पँटीला बराच वेळ पुसत राहिला.

"तोडून टाका, काकू."

"काऊन?"

"तोडून टाका म्हन्तो ना मी."

"चहा ठेवतो," मी म्हणाले.

"नोका ठेवू."

त्यानंतर तो आमच्या घरी आला नाही.

शेवटी गाठ बाहेर आली. दोन वेढे उलटे, एक सुलटा, शेपूट आत दाबलेलं. ही गाठ माझ्या आईची. देऊळघाटात ती माझ्याशिवाय दुसरं कोणी मारत नाही. गाठीपुढे एका दोऱ्याचे दोन झाले, आणि ते दोन्ही माशाच्या आत गेलेले होते.

कुठं कापल्याची खूण नव्हती.

लेकरू लहान असताना करदोडा काचत तर नाही ना, हे आई बोट घालून पाहते. मीही त्या दोन दोऱ्यांमध्ये बोट घातलं. सवयीनंच.

दोरा बोटावर आवळला. सैल झाला. पुन्हा आवळला, पुन्हा सैल झाला.

मासा तळाशी स्थिर होता. त्याचे कल्ले भराभर चालत होते. दोरा सावकाश चालत होता, गाढ झोपलेल्या माणसाचं पोट चालतं तसा.

मी चंचीतून अडकित्ता काढला. एकदा कापलं की प्रेमही सुटला असता, दीपमालाही.

अडकित्ता उघडला. पाण्यात नेला.

दोरा तसाच चालत होता.

अडकित्ता मिटला. खुरपं घेतलं आणि मागच्या अंगणात तुळशीच्या पलीकडे हातभर माती उकरून पुन्हा सारखी केली. मग माजघराला कडी लावून दीपमालेला हाक मारली.

"मासा गेला," मी म्हणाले. "तठी पुरला."

तिनं त्या मातीकडे बराच वेळ पाहिलं. उकरली नाही. रडलीही नाही. मोरीवर गेली, आणि आली तेव्हा कपाळ ओलं होतं.

इंद्रभानची जीप दुसऱ्या सकाळी आली. जाताना ती माझ्या पाया पडली.

"आत्याबाई, एकट्यानं राहान का तुमी?"

"एकटी? अवं, मी कोनाच्या भरोशावर होती कधी? जाय. तिकडं गेल्यावर भाजीत मीठ बेतानं टाकत जाय, तुहा हात जड हाये."

ती हसली. दोन वर्षांत पहिल्यांदा. तिचं आता बरं चाललं आहे असं इंद्रभान सांगतो.

माजघराला कडी असते. झिंगा मी अजून वाटते, पुडी संपली तरी लसणावर चालतं. मासा चांगला तळहाताएवढा झाला आहे. दुपारी आवराआवर झाली की मी पाण्यात हात घालून बसते.

सुरुवातीला त्या दोऱ्यात माझी दोन बोटं सहज मावत होती. नंतर एक मावू लागलं. आता करंगळीही जात नाही. लेकरू बाळसं धरू लागलं की करदोडा असाच काचू लागतो, यात नवल नाही.

जुना कापायच्या आधी नवा बांधतात, कमर क्षणभरही उघडी ठेवत नाहीत. काळं सूत आणलं आहे. तीन पदरी वळते आहे. जुन्यापेक्षा चार बोटं लांब धरला आहे.