ऑर्लबरीची तहकूब सभा

जुन्या इमारतींत ओल कुठून शिरते हे शोधणं इरावतीचं काम. बर्मिंगहॅमच्या एका फर्ममध्ये ती सर्व्हेयर होती. 'या जागेत काहीतरी आहे' असं लोक म्हणतात तिथे बहुतेक वेळा तुंबलेलं गटर असतं, हे तिचं ठाम मत होतं.

२००७ च्या नोव्हेंबरात तिच्याकडे वेल्सच्या सीमेजवळच्या ऑर्लबरी कॅथिड्रलचं काम आलं. तिचे वडील शशिधर साउथहॅम्प्टनच्या हॉस्पिटलमधून रिटायर झालेले डॉक्टर. आई गेल्यापासून ते तिच्याकडेच राहत, पण दिवसभर घरात त्यांचा जीव रमत नसे. "मीही येतो. तू काम कर, मी चर्च बघेन," म्हणाले आणि गाडीत येऊन बसले.

तपासायचं होतं ते चॅप्टर हाउस. पूर्वी त्या भागातले पाद्री इथे बिशपपुढे जमून निर्णय घ्यायचे. आठ कोनांची उंच दगडी खोली, मध्ये एकच खांब, आणि भिंतीतच कोरलेली आसनं. खोलीला दार एकच. बाहेर लख्ख ऊन होतं, आत मात्र तोंडातून वाफ निघत होती. मेण आणि भिजल्या चुन्याचा वास कोंडून राहिला होता.

"भिंत ओला आहे," इरावती हात लावत म्हणाली.

"ओली," बाबा म्हणाले. साउथहॅम्प्टनमध्ये जन्मलेल्या लेकीचं मराठी सुधारायची सवय त्यांना अजून होती.

तिने थर्मल कॅमेरा स्टँडवर लावला. गार भाग पडद्यावर निळा दिसतो, गरम भाग नारिंगी. भिंती निळ्या दिसल्या, खांब निळा, फरशी निळी. आसनं मात्र नारिंगी होती. मांड्या टेकतात तिथे आणि पाठ टेकते तिथे, जवळजवळ प्रत्येक आसनावर तसेच डाग.

तिने बॅटरी बदलली, सेटिंग पुन्हा केलं. चित्र तेच. मग एका आसनावर तळहात ठेवला आणि झटकन काढून घेतला. बसमध्ये कुणी नुकतंच उठून गेलेल्या सीटला असते तशी ऊब होती.

"इथे खालून हीटिंगचे पाइप जातात का?" तिने व्हर्जरला विचारलं. मिस्टर पेनरी हे कॅथिड्रलची देखभाल करणारे वयस्कर गृहस्थ. ते आत आले नव्हते, दारातच उभे होते.

"इथे हीटिंग कधीच नव्हतं."

"मग सकाळी कुणी बसलं होतं?"

"व्हिजिटर्सना आम्ही इथे सोडत नाही."

तिने पुन्हा पडद्याकडे पाहिलं. एकच आसन निळं होतं, दाराला लागून असलेलं. पेनरींनी ते न विचारताच ओळखलं. "ते गारच असणार," ते म्हणाले.

"का?"

"जुनी गोष्ट आहे, मॅडम. पाचशे वर्षं होत आली. एका तरुण पाद्र्यावर धर्मद्रोहाचा आरोप होता. त्या काळी अशांना जिवंत जाळत. इथला नियम असा, की शिक्षेला सगळ्यांचा होकार हवा. सगळ्यांनी दिला. त्या आसनावरचा माणूस हो म्हणाला नाही, नाहीही म्हणाला नाही. उठून गेला. सभा तहकूब झाली."

"आणि तो पाद्री?"

"निर्णय झालाच नाही ना," पेनरी म्हणाले. "अजून."

इरावतीला ते ऐकून चीड आली. मानेवरून काहीतरी सरकल्यासारखं वाटत होतं, त्याचीही चीड आली. बाहेरून भिंत तपासू, म्हणून ती पेनरींना घेऊन निघाली. बाबांचे गुडघे दुखत होते, ते आतच थांबले.

बाहेर गटर स्वच्छ होतं. भिंत कोरडी. पायाशी पाइप नव्हता, पाण्याचा मागमूस नव्हता. ती एकदा फिरली, पुन्हा फिरली. काहीतरी सापडायलाच हवं होतं.

ती परत आली तेव्हा बाबा दाराजवळच्या आसनावर बसले होते. ताठ, हात गुडघ्यांवर, एखाद्या मीटिंगला बसावं तसे.

"बाबा, तिथे नका बसू."

त्यांनी हात वर करून तिला थांबवलं. ते समोर कुणाचं तरी ऐकत होते. मग अदबीने म्हणाले, "येस. येस, ऑफ कोर्स."

कॅमेऱ्याच्या पडद्यावरचा एक नारिंगी डाग विझला. शेजारचा विझला. मग त्यापुढचा.

"कुणाशी बोललात?"

"काहीतरी विचारलं गं मला. नीट ऐकू आलं नाही. सगळे माझ्यासाठी खोळंबले होते, इरा. किती ताटकळले होते बिचारे. मी हो म्हटलं."

तिने त्यांचा दंड धरला आणि त्यांना उठवलं. दारापाशी येताच ते बाजूला झाले.

"आधी त्यांना जाऊ दे."

बाहेरच्या पॅसेजमध्ये पेनरी भिंतीला चिकटून उभे होते. त्यांनी डोक्यावरची टोपी काढली होती.

बाबा मान लववत होते. जरा थांबून पुन्हा. पुन्हा. थंड हवा इरावतीच्या अंगाला घासून आतून बाहेर चालली होती.

मग बाबांची मान थांबली.

"हा कोण? किती लहान आहे. हात का बांधलेत त्याचे?"

इरावतीने त्यांचा दंड आणखी घट्ट धरला.

बाबांची नजर दारातून हळूहळू पुढे सरकत गेली, पार पॅसेजच्या टोकापर्यंत.

"माझ्याकडे वळून बघतोय, इरा. मी काय केलं त्याला?"

तिने पॅसेजच्या टोकाशी पाहिलं. हिरवळीवर ऊन पडलं होतं. तिथे कुणीही नव्हतं. फक्त लाकडावर लाकूड ठेवल्याचा आवाज येत होता, सावकाश, नीट रचत असल्यासारखा.