रिन्सेनची सही

“अक्षरं उलटी धरलीत तुम्ही.”

मी दचकून मागे पाहिलं. निळ्या स्वेटरातला एक तरुण, हातात फ्रेम करायला आणलेला त्याच्या बहिणीच्या लग्नाचा फोटो, आणि ओठांवर आवरून धरलेलं हसू…

धुळ्यातल्या गल्ली नंबर चारमधलं कुंदनभाऊंचं फ्रेमचं दुकान होतं ते. हिवाळ्यातली कोवळी दुपार. आमच्या घरातलं जपानी चित्र मी नव्या काचेसाठी आणलं होतं. बर्फात बुडालेला लाकडी पूल आणि छत्री घेऊन चाललेली एक बाई. कुंदनभाऊ म्हणाले होते, “बठ्ठी काच बदलनी पडी, ताई,” आणि चित्र फ्रेममधून मोकळं झाल्याबरोबर मी त्याच्या कोपऱ्यातली अक्षरं मोबाइलला वाचायला लावली होती. मोबाइल म्हणत होता, ‘तीन कोळंब्या’.

“तुम्हाला येतं हे वाचता?” मी जरा घुश्शातच विचारलं.

“छापील जपानी येतं. पुण्यात शिकलो, आता मशिनींची माहितीपुस्तकं मराठीत आणतो. पण हे…” तो चित्रावर वाकला. “हे म्हणजे डॉक्टरची चिठ्ठी आहे.”

“मग द्या इकडे. मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये आहे. दिवसभर तेच वाचते.”

तो मोठ्यानं हसला. त्याचं नाव प्रशील. धुळ्यातच, देवपूरला राहायचा.

चित्राची गोष्ट मी त्याला त्याच दिवशी सांगून टाकली. माझे वडील, नाना, वरणगावच्या फॅक्टरीत कामाला होते. एकदा ते बोधगयेला गेले, तिथे एका जपानी यात्रेकरूनं त्यांना हे चित्र दिलं. कोपऱ्यातल्या अक्षरांवर बोट ठेवून नाना म्हणायचे, “हे बघ, तुझं नाव लिहिलंय. संघमित्रा.” नाना जाऊन वर्ष होत आलं होतं. मला ते नाव एकदा कुणाच्या तरी तोंडून वाचून घ्यायचं होतं.

मग दर रविवारी आम्ही भेटू लागलो. पांझरेच्या काठी एका चहाच्या टपरीवर, चित्राचे मोठे केलेले फोटो बाकावर पसरून. समासातली दोन बारीक नावं आधी सुटली. चित्र लाकडी ठशांवरून छापलेलं होतं; एक नाव ठसे कोरणाऱ्याचं, एक छापणाऱ्याचं. राहिली ती मोठी वळणदार सही आणि तिच्याखालचा लाल शिक्का, भुलभुलैयासारखा. मी बोटानं रेघ गिरवायची. “इथे हात उचललेलाच नाही बघ. इथे मात्र उचललाय…” आणि तो त्या रेघेतून अक्षर शोधायचा. कधी आमची बोटं एकाच वळणावर भेटायची. मग दोघंही उगाच चहाकडे बघायचो.

“हे झाड,” एकदा तो म्हणाला. “आणि शेजारी दुसरं झाड आलं की ती राई.”

“आणि तिसरं आलं तर?”

“जंगल.”

“मग तिसरं नको,” मी म्हणाले. तो एवढा लाजला, की चहा स्वेटरवर सांडला.

त्यानंतर मात्र तो गप्प गप्प झाला. दोन रविवार टाळाटाळ केली. शेवटी मीच विचारलं, “सुटलं ना कोडं? माझं नाव कुठून सुरू होतं?”

त्यानं माझ्याकडे पाहिलं नाही. “मित्रा… सहीत आणि शिक्क्यात एकच नाव आहे. रिन्सेन. राईतला झरा. शेवटचं अक्षर म्हणजे ‘यानं चितारलं’. चित्रकाराची सही आहे ती. तुझं नाव… त्यात नाही.”

मी फोटो गोळा केले आणि उठले. त्याची हाक ऐकू आली, पण वळले नाही. किती फोन आले, एकही घेतला नाही. नाना दुसऱ्यांदा गेल्यासारखं वाटत होतं.

सुट्टी काढून वरणगावला गेले. आई, पार्वताबाई, अंगणात भरताची वांगी भाजत होती. सगळं ऐकून तिनं काडीनं निखारा सारखा केला.

“तुझे नाना काय जपानी शिकले होते का गं? शाळेत पोरं तुला नावावरून चिडवायची. दुसरं छोटं नाव ठेवा म्हणून तू जेवण सोडलं होतंस. तेव्हा ते म्हणाले, अगं, समुद्रापलीकडची माणसं तुझं नाव चित्रावर लिहितात. लगेच जेवलीस! पुढे खरं सांगायचं म्हणायचे… पण तुझा चेहरा एवढा फुलायचा, त्यांना जमलंच नाही.”

मी हसले. मग रडले. मग गरम भरीत आणि ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी पोटभर खाल्ली. मनावरचा दगड उतरला तसा दुसराच एक चेहरा डोळ्यांपुढे येऊन बसला… निळ्या स्वेटरातला.

परत येताना बसमधूनच त्याला फोन केला. धुळ्याच्या स्टँडवर उतरले, तर तो समोर उभा. दाढी वाढलेली.

“खोटं बोलला असतास तर मला कधीच कळलं नसतं,” मी म्हणाले. “सरळ म्हणायचं, हो, तुझंच नाव आहे. तसं का नाही म्हणालास?”

“म्हणणार होतो. दोन आठवडे तेच घोकत होतो. पण मग… आयुष्यभर तुझ्याशी ते खोटं सांभाळावं लागलं असतं.”

“आयुष्यभर?”

आपण काय बोलून गेलो ते त्याला तेव्हा कळलं. कानाच्या पाळ्या लालबुंद झाल्या. आमच्या बाजूनं नंदुरबारची गाडी गेली, शिरपूरची गेली…

“मी… असं म्हणालो का?”

“म्हणालास.”

“मग… म्हणालो,” तो हळूच म्हणाला. “आता काय करू?”

आज इतक्या वर्षांनीही त्याचा तो घाबरलेला चेहरा आठवला, की मला हसू फुटतं. मी माझी बॅग त्याच्या हातात दिली आणि म्हणाले,

“आधी दाढी कर. मग येत्या रविवारी आईला भेटायला चल.”