हलायचं नाही!

"हललात पुन्हा!" मशीनमधून आवाज आला. "मॅडम, आता पहिल्यापासून."

भिंगरीने जीभ चावली. घरचे तिला भिंगरीच म्हणत. दिवसभर मुलांना बॅडमिंटन शिकवणारी ही पोरगी पाच मिनिटं स्वस्थ बसेल तर शपथ! पण हल्ली आडवं झालं की पाठ ठणकायची, आणि परवा डाव्या पायातली चप्पल निसटली तरी हिला पत्ता नाही. म्हणून हा एमआरआय.

हातात रबरी फुगा होता. घाबरलात तरच दाबा, असं तंत्रज्ञाने बजावलं होतं. तिने दाबला.

"काय झालं? घाबरलात?"

"नाही... कंटाळले. बोला ना काहीतरी."

"मी बोललो की तुम्ही हसता, हसलात की हलता. माझं जेवण राहिलंय हो!"

ती हसलीच. झालं, पुन्हा पहिल्यापासून.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी सांगितलं – मज्जारज्जूच्या आवरणावर गाठ आहे. बहुधा कॅन्सरची नसावी, पण नक्की कळेल ते काढून तपासल्यावरच. ठेवली तर पाय हळूहळू जाईल. काढतानाही थोडा धोका आहेच. आईने तिचा हात घट्ट धरला.

बाहेर एमआरआयचा तो तंत्रज्ञ जेवणाचा डबा घेऊन उभा होता.

"ऑपरेशनभर नसांवर लक्ष ठेवतात," तो म्हणाला.

"आणि पाय हललाच नाही तर?"

त्याने डबा दुसऱ्या हातात घेतला. मग म्हणाला, "तरी येईन. तुमची कटकट ऐकायची सवय लागलीय... काय करू?"

गाठ निघाली, साधीच ठरली. पाय मात्र ओंडक्यासारखा पडून. सूज उतरेल, धीर धरा, म्हणाले डॉक्टर. धीर! तिच्याकडे तो होता कधी? पडल्या पडल्या ती नुसती चिडायची. तो रोज जेवणाच्या सुट्टीत यायचा. 'अहो'चं 'अरे' कधी झालं, दोघांनाही कळलं नाही.

एका दुपारी तिला राहवलंच नाही.

"ऐक. चालायला लागले की सांगणार होते... पण कधी चालेन देव जाणे. मला तू आवडतोस. खूप! आता पळायचं तर पळ."

तो तिच्याकडे बघतच नव्हता. त्याची नजर पायाकडे.

"अरे, मी काय बोलतेय? तोंडात मूग धरलेस का?"

"हललीस..." तो पायाशी वाकला. "अंगठा हलला तुझा!"

"काहीतरीच! मला कळलं नसतं?"

"कोण हललं ते बघण्यात जन्म गेलाय माझा."

तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. त्याने डबा बाजूला ठेवला, खुर्ची जवळ ओढली आणि तिचा हात हातात घेतला.

"आता सांग परत," तो म्हणाला. "पहिल्यापासून."